उसनी दिलेली मोटार

‘उसनं’ हा शब्द मराठीच्या धड्यात आला की मी आजही वर्गात अडखळतो. मुलांना अर्थ ठाऊक असतो. शेजारून वाटीभर साखर आणायची, चार दिवसांनी वाटीभर परत द्यायची, हे घरोघरी चालतं. मास्तरांनी समजावून सांगावं असं त्यात काही नाही. तरी एकदा मी हा शब्द एका माणसाला समजावून सांगितला आणि चुकीचा सांगितला. त्या चुकीत ज्यांचं सगळं गेलं, त्यांच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात आहे. लिहिल्याने काही फिटणार नाही, हेही ठाऊक आहे.

आम्ही त्यांना आबा म्हणत असू. उत्तनच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं कौलारू घर होतं. घराण्याची मिठागरं होती, भाताची खाचरं होती, पण ते सगळं पुतणे बघत. घरालगतची एक खोली मी भाड्याने घेतली. मी पेणकडचा, गावच्या शाळेत नवा लागलेला, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. खोली दाखवताना आबांनी पहिला प्रश्न विचारला, “मास्तर, झोप गाढ हाय ना तुमची?”

मी हो म्हणालो.

“मंग बरं. भिंतीपल्याड ती असते. सकाळी जरा खाकरते.”

मला वाटलं, घरात कोणी आजारी बाई असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंत थरथरली, फळीवरची भांडी वाजू लागली आणि माझी बायको दचकून उठून बसली. ‘ती’ मोटार होती. लाल, बुटकी, टप नसलेली, पुढे दोनच माणसं बसतील अशी, मागून होडीसारखी निमुळती. शर्यतीत पळवायची विलायती मोटार, तीही जुनी. कुठल्याशा साहेबाने देश सोडताना ती विकायला काढली आणि आबांनी घेतली. बायको गेल्यावर दुसरं लग्न करा म्हणून भावांनी धरलं होतं, मुलगी बघून ठेवली होती. आबा सकाळी मुंबईला गेले ते संध्याकाळी मोटार घेऊन परतले. उत्तनच्या कोळणी तेव्हापासून तिला आबांची लाल बायको म्हणत.

डोळ्यांवर मोठा चष्मा, कानांवर चामडी टोपी, खाली धोतर आणि पायात काही नाही, असे आबा गाडीत बसत. हाच चष्मा लावून ते मिठागराच्या बांधावरही जात. पुतणे लाजेने दुसरीकडे बघत. खारा वारा लोखंड खातो म्हणून रोज संध्याकाळी खोबरेल लावलेल्या फडक्याने सगळी मोटार पुसायची, हा त्यांचा नेम. तिच्याबद्दल ‘बंद आहे’ असं कोणी म्हटलेलं त्यांना चालत नसे. “बंद दुकान असतं. ती थांबलीय.”

पहिल्यापहिल्यांदा ते तिला दिवसातून दोनदा गोड्या पाण्याने धूत. आमच्याकडे विहिरी खारट. डोंगराच्या पायथ्याला एकच गोडी विहीर, तिथून बैलगाडीने पाण्याचं पिंप किनाऱ्यावरच्या वाड्यांना जाई. एकदा कात्रीनबाय नावाची कोळीण डोक्यावर माशांची पाटी घेऊन रस्त्याने चालली होती. मोटारीवरून ओघळणारं पाणी बघून ती थांबली.

“आबा, माज्या नातवाला न्हायला पानी न्हाय, आनि तुजी लाल बायको दोनदा न्हाते काय रं?”

आबांनी हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाले, “चुकलं, बाय.” उरलेलं पाणी त्यांनी तिच्या घरी पोचवलं. पुन्हा कधी मोटार पाण्याने धुतली नाही. ओलं फडकं तेवढं फिरवत.

उसन्याचा एक प्रसंग आधी सांगायला हवा, कारण तो मी विसरलो नसतो तर पुढचं झालं नसतं. बायकोने एकदा आबांकडून वाटीभर साखर आणली. परत देताना तिने रीतीप्रमाणे वाटी शिगोशीग भरून दिली. थोड्या वेळाने आबा दारात. हातात कागदाची पुडी.

“सूनबाई, मी सपाट वाटी दिली व्हती. ही वरची तुमची.”

“राहू द्या हो आबा, चमचाभर तर आहे!”

“चमचाभर का असंना. उसनं म्हंजे जेवढ्याला तेवढं. जास्त घेतलं तर व्याज झालं, आनि आलंच न्हाय तर दान झालं. मी वानी बी न्हाय आनि राजा बी न्हाय.”

ते गेल्यावर आम्ही दोघं खूप हसलो.

मग लढाई आली. पेट्रोल कुपनावर गेलं, टायर दिसेनासे झाले, विलायतेहून येणारे मोटारींचे भाग यायचे थांबले. उत्तनहून भाईंदर स्टेशनपर्यंत एकच सर्व्हिस मोटार होती. मासे, कोळणी, शाळेची पुस्तकं, आजारी माणसं, सगळं तिच्यातून जायचं. ती चालवायचा इनास, उत्तनचाच ख्रिस्ती कोळी, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ. मालक भाईंदरला राहायचा आणि सर्व्हिस अडली की इनासलाच बोलायचा. इनास अडला की आबांकडे यायचा.

पण पहिली गेली ती चाकं, आणि ती सर्व्हिसला गेली नाहीत. उन्हाळ्यात पाण्याच्या बैलगाडीचं चाक मोडलं, सुतार आजारी, आणि दोन दिवस किनाऱ्यावरच्या वाड्यांना पाणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आबांची मोटार दगडांच्या चार थरांवर बसवलेली आणि पाण्याच्या गाडीला तिची दोन रबरी चाकं, तांबड्या तारांच्या आऱ्यांची; उरलेली दोन जादा म्हणून पिंपामागे बांधलेली. पिंप डचमळत निघालं, बैल मागे वळून वळून बघत होते, आणि कात्रीनबाय छाती पिटून ओरडत होती, “आबा, लाल बायकोचं पाय कापलंस काय रं!”

“कापलं न्हाय गो. उसनं दिलंय.”

पुढची तीन-साडेतीन वर्षं तेच. सर्व्हिसच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, पाटा तुटला, आबांनी आपल्या मोटारीचे पाटे काढून दिले. दिवे गेले, दिवे दिले. बॅटरी, पाण्याचा पंप, रबरी नळ्या. प्रत्येक वेळी इनास टोपी काढून उभा राहायचा आणि आबा पान्याने भाग सोडवता सोडवता एकच वाक्य म्हणायचे, “उसना हाय हां, इनास.” इनास मान डोलवायचा. गावात सगळेच मान डोलवायचे. आम्हाला वाटायचं, घेणाऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून आबा तसं म्हणतात. केवढा मोठा मनाचा माणूस, असं मी शाळेत मुलांना सांगायचोसुद्धा. पुडीतली चमचाभर साखर मला एकदाही आठवली नाही.

एवढं देऊनही एक भाग त्यांनी कुणाला मागू दिला नव्हता. इंजिनात ठिणगी पाडणारा लोखंडी डबा असतो, चालवणारे त्याला मॅग्नेट म्हणत. तो आणि खुद्द इंजिन अजून जागेवर होतं. कुठल्याशा जुन्या डब्यात आबांनी थोडं पेट्रोल जपून ठेवलं होतं. दर रविवारी सकाळी ते टोपी-चष्मा चढवून त्या बिनचाकी मोटारीत बसत. मी हँडल मारायचो. ती खाकरायची, थरथरायची, आणि पाच-सहा मिनिटं दगडांवर बसल्या जागी धडधडत राहायची. आबा चाक हातात धरून समोरच्या कुडाकडे बघत.

“राई गेलं... मुर्धे गेलं... फाटक उघडं हाय, नशीब.” वळण आलं की ते अंग कलतं करत. “आता दहिसरचा पूल. सूनबाई, पदर सांभाळा, वारा हाय.”

कारण शेजारच्या जागेवर माझी बायको असायची. पोटुशी होती तेव्हाही ती बसली, आणि चिमी झाल्यावर तिला मांडीवर घेऊन बसली. चिमी ‘आई’ म्हणायच्या आधी ‘घुर्र’ म्हणायला शिकली. मला कधी जागा मिळाली नाही. “दोघांचीच हाय मास्तर, काय करनार,” आबा म्हणत.

चिमी तीन वर्षांची असताना श्रावणात तिचा घसा आला. आम्ही काढा दिला, शेक दिला. दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना. दवाखान्यातले डॉक्टर सायकल टाकून आले, चमच्याने जीभ दाबून बघितलं आणि उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. “घटसर्प,” ते म्हणाले. “लस मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात. आत्ता निघा. दुपारच्या आत पोचायला हवं.”

स्टेशन अडीच कोस. सर्व्हिस मोटार आमच्याच दारासमोर रस्त्यावर उभी होती, बॉनेट उघडं, आणि इनास आत डोकं घालून शिव्या देत होता. मला बघून तो सरळ झाला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते.

“मॅग्नेट जळला, मास्तर. ठिनगीच न्हाय. बैलगाडी बगा.”

बैलगाडीला स्टेशन गाठायला दोन तास, त्यातही रस्त्यावर भरतीचं पाणी चढलेलं. आत माझी बायको चिमीला उभी धरून येरझाऱ्या घालत होती. चिमीच्या गळ्यातून जो आवाज येत होता तो मी लिहीत नाही.

मी आबांच्या पडवीपर्यंत गेलो आणि तिथे थांबलो. मला मागता आलं नाही. मला मागावंही लागलं नाही. आबा मोटारीपाशी आधीच उकिडवे बसले होते, पान्याने एकेक बोल्ट सोडवत. चष्मा कपाळावर होता. मॅग्नेट सुटला तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्याजवळ आणून दिला. अजून खोबरेलाचा वास येत होता त्याला.

“मास्तर, उसना हाय. तुमच्यावर टाकतो. ध्यानात ठेवा.”

“हो आबा,” मी म्हणालो. त्या वेळी मी कशालाही हो म्हणालो असतो.

इनासने तो बसवला. सर्व्हिस एकाच हँडलात लागली. चिमी जगली. गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागली, महिनाभर दवाखान्यात राहावं लागलं, आणि परत आली तेव्हा तिचा आवाज गेलेला होता. जो उरला तो घोगरा, खरखरीत, म्हाताऱ्या माणसासारखा. आजही तसाच आहे.

त्यानंतर रविवार आले ते मुके आले. आबा टोपी-चष्मा चढवून मोटारीत बसत, समोर कुडाकडे बघत, आणि थोड्या वेळाने उतरत. गावांची नावं घेत नसत. एकदा मी जवळ गेलो तर म्हणाले, “थांबलीय. येईल तो.” मला वाटलं, म्हातारपण. मी त्यांना चहा नेऊन दिला.

लढाई संपली. सामान हळूहळू येऊ लागलं. सर्व्हिसच्या मालकाने नवी मोटार आणायचं ठरवलं. जुनी मोडीत काढायची होती. तो एक दिवस शाळेत आला. चांगला माणूस होता, उगाच त्याच्यावर बोल ठेवणार नाही.

“मास्तर, तुम्ही त्या आबांच्या शेजारी राहता. जुन्या गाडीत त्यांचं बरंच सामान आहे म्हणे. इनास सांगतो, ते उसनं उसनं म्हणत होते. परत द्यायला लागेल काय?”

वर्गात मुलं गलका करत होती. मी दारात उभा राहून हसलो. मला ते हसणंही आठवतं. मी म्हणालो, “छे हो. आबांनी दिलं ते दिलं. उसनं म्हणायची त्यांची आपली रीत. समोरच्याला लाज वाटू नये म्हणून. मराठीत असं बोलतात.”

“तुम्ही मास्तर, तुम्हाला माहीत,” तो म्हणाला आणि गेला. जुनी सर्व्हिस मुंबईला भंगारवाल्याकडे गेली.

काही दिवसांनी नवी मोटार भोंगा वाजवत रस्त्याने गेली. आबा लगबगीने माझ्या दारात आले. धुतलेला सदरा घातला होता.

“मास्तर, जुनी गेली म्हने. मंग आपलं सामान आयलं असंल ना? इनासकडं हाय का मालकाकडं?”

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

“मॅग्नेट पयला आना. बाकीचं सावकाश.”

मग ते मला हाताला धरून मोटारीपाशी घेऊन गेले. बॉनेट उचललं. एवढ्या वर्षांत मी आत कधी नीट बघितलंच नव्हतं. जिथून जिथून भाग गेले होते तिथली प्रत्येक जागा पुसून लख्ख होती. आणि प्रत्येक रिकाम्या भोकात त्या त्या भागाचा बोल्ट परत फिरवून बसवलेला, तेलाने माखलेला. खाली वाकून बघितलं, तर कमानींच्या जागीही तसेच. चाकं अजून पाण्याच्या गाडीलाच होती, त्यांच्या जागी आसांना तेलकट फडकी गुंडाळलेली.

“आटे गंजले तर परत बसनार न्हाय,” आबा म्हणाले. “म्हनून दर महिन्याला काढून तेल करतो. जागा तयार हाय.”

तेव्हा मी सांगितलं. मालक काय विचारत होता, मी काय उत्तर दिलं, सगळं. ते ऐकताना आबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. मग त्यांनी मला विचारलं, “तुमी मराठी शिकवता ना, मास्तर?”

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच खात्री करून घ्यायची होती, असं वाटलं मला.

इनास आणि मी मुंबईला गेलो. भंगारवाल्याकडे ती सर्व्हिस कापून झाली होती. आणखी चार ठिकाणी हिंडलो. शेवटी एका गल्लीत तसाच दिसणारा, त्याच मापाचा एक मॅग्नेट मिळाला. इनास दुसऱ्या दुकानात गेला होता, मी घाईने तोच घेतला, दुकानदाराने तो गोणपाटात शिवून दिला. आबांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उलटा केला, बुडाशी कोरलेल्या छोट्या बाणावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

“हा तुमचा नाही आबा, मला माहीत आहे,” मी म्हणालो.

“उसनं तेच कुठं परत येतं? साखर दिली तर तीच साखर येते काय?” ते म्हणाले. “आयला ना. झालं.”

त्यांनी तो त्याच तेलातल्या बोल्टांनी बसवला. मला हँडल मारू दिलं नाही. “पेट्रोल संपलंय,” म्हणाले. मला थोडं हलकं वाटलं होतं. संध्याकाळी इनास आला, वाकून बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “मास्तर, हा उलटा फिरनारा हाय. बान बगा ना. ह्यानं ही जन्मात लागनार न्हाय. आबांनी हातात घेताच वळखलं असंल.”

मी आबांना पुन्हा काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी चिमीला बोलावलं. ती आता पाच वर्षांची होती. त्यांनी तिला शेजारच्या जागेवर बसवलं, स्वतः टोपी-चष्मा चढवला आणि चाकावर हात ठेवून बसून राहिले. कुठूनच आवाज येत नव्हता. चिमीने जरा वाट बघितली. मग तिने तिच्या त्या फुटक्या, खरखरीत गळ्याने सुरुवात केली. “घुर्र... घुर्रर्र...”

आबा दचकले. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग समोर बघून अंग थोडं कलतं केलं.

“राई गेलं,” ते म्हणाले. “मुर्धे गेलं.”

मी कुडाशी उभा होतो. चिमी दमेपर्यंत ते दोघं दहिसरच्या पुलापर्यंत पोचले होते. मग तिला खोकला आला आणि आबांनी तिला उतरवलं. “पुरे आता. गरम झाली.”

ते त्याच हिवाळ्यात गेले. आजार असा काही नव्हता. जेवण कमी झालं, मग सुटलं. रोज संध्याकाळचं तेल मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू होतं. मी चार घास तरी खा म्हणून आग्रह केला की म्हणत, “थांबलोय मास्तर. बंद न्हाय.”

पुढच्या पावसाळ्यात मोठ्या उधाणात पुतण्यांच्या मिठागराच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी पलीकडच्या भातात शिरू लागलं. माती टिकेना, दगड टिकेनात. तेव्हा पुतण्यांनी आणि गावातल्या माणसांनी मोटारीचा सांगाडा ओढत नेला आणि त्या भगदाडात लोटला. त्यावर दगड आणि माती टाकली. बांध राहिला. भातंही राहिली. मी दोरीला हात लावला होता. कुणी मला विचारलं नव्हतं, मी आपणहून लावला.

यंदा सुट्टीत उत्तनला गेलो होतो. ओहोटी होती. बांधाची माती एका बाजूने धुपली आहे आणि तिथून मोटारीची एक बाजू उघडी पडली आहे. लाल रंग कुठेच नाही. पत्र्याला हात लावला की पापुद्रे निघतात. मी खाली उतरून, चिखलात गुडघे टेकून हाताने चाचपत गेलो. इंजिनाच्या कडेला एका गंजक्या भोकात एक बोल्ट सापडला.

मी पाना नेला नव्हता. बोटांनी धरून बघितला, तर फिरला.